१२० मीटरच्या मुख्य फीडरसाठी तांबे घ्यावे की ॲल्युमिनियम?

शिरगावकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे मशिन शॉप आहे. मागच्या बाजूला नवीन शेड उभी राहत असून तिच्यासाठी आम्ही ११ केव्हीचा ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेत आहोत. सल्लागारांच्या आराखड्याप्रमाणे ट्रान्सफॉर्मर फाटकाजवळ मीटरिंगच्या शेजारी बसेल आणि तेथून नव्या शेडमधील मुख्य एलटी (कमी दाबाच्या) पॅनलपर्यंत सुमारे १२० मीटर केबल, म्हणजे मुख्य फीडर, ट्रेवरून जाईल. आज आमचा भार ५०० अँपिअरच्या आसपास असतो. नवीन सीएनसी मशिन आणि दुसरा कॉम्प्रेसर आल्यावर तो ७०० अँपिअरपर्यंत जाईल, असा अंदाज आहे.

अडचण केबलच्या निवडीची आहे. सल्लागारांनी साडेतीन कोअर (तीन फेज आणि निम्म्या मापाचा न्यूट्रल) ३०० चौरस मिमी तांब्याच्या एक्सएलपीई (उष्णता सहन करणारे प्लास्टिकचे आवरण) आर्मर्ड केबलचे दोन रन, म्हणजे दोन समांतर केबली, सुचवले आहेत. कंत्राटदाराचे म्हणणे असे, की त्याच मापाच्या ॲल्युमिनियम केबलचे तीन रन टाकले तर काम तितकेच चांगले होईल. दोन्ही दरपत्रके समोर आहेत. ॲल्युमिनियमचा आकडा साडेसात लाखांच्या घरात आहे आणि तांब्याचा बावीस लाखांच्या पुढे. आमच्यासारख्या कारखान्याला पंधरा लाखांचा फरक म्हणजे एका लहान मशिनची किंमत आहे, त्यामुळे निर्णय घाईने घ्यावासा वाटत नाही.

ॲल्युमिनियमविषयी मनात भीती आहे, हेही सांगतो. आमच्या जुन्या घरातील वायरिंग ॲल्युमिनियमचे होते आणि स्विचच्या मागे ते काळे पडून तुटत असे. वसाहतीतील एका कारखान्यात ॲल्युमिनियम केबलचा लग (केबलच्या टोकावर बसणारा धातूचा जोड) तापून पॅनलचा एक कप्पा जळालेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. लगच्या वरची लाल स्लीव्ह करपून तपकिरी झाली होती आणि तिच्याखालचे केबलचे आवरण वीतभर कडक होऊन तडकले होते. म्हणून विचारतो : हे दोन प्रस्ताव विजेच्या दृष्टीने खरोखर सारखे आहेत का? ॲल्युमिनियममध्ये वीज जास्त वाया जाऊन पाच-सात वर्षांत वाचलेले पैसे परत जातील का? आणि जळण्याचा धोका धातूमुळे येतो की कामामुळे?

विद्युत अभियंता, पुणे

शिरगावकर साहेब, आपण आकडे दिलेत हे बरे झाले, कारण आकड्यांवाचून हा वाद नुसत्या मतांवर चालतो.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. म्हणून तांब्याइतकेच काम हवे असेल तर ॲल्युमिनियमचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट घ्यावे लागते. भारतीय मानक ८१३० मधील रोधाचे आकडे पाहिले तर २० अंश तापमानाला १८५ चौरस मिमी तांब्याचा रोध दर किलोमीटरला ०.०९९१ ओहम आहे आणि ३०० चौरस मिमी ॲल्युमिनियमचा ०.१०० ओहम, म्हणजे दोन्ही जवळपास एकच. तसेच २४० तांब्याच्या जोडीला ४०० ॲल्युमिनियम येते. समान मापाचे तांबे आणि ॲल्युमिनियम यांची तुलना करून ॲल्युमिनियमला कमी ठरवणे चुकीचे आहे, आणि एकाच मापावर ॲल्युमिनियम बसवून पैसे वाचवल्याचा दावा करणे त्याहून चुकीचे आहे. आपल्या कंत्राटदाराने तसे केलेले नाही. त्याने दोनाऐवजी तीन रन धरले आहेत, ही गोष्ट त्याच्या बाजूने जाते.

आता आपल्या १२० मीटरचे गणित. वाहक ९० अंशांपर्यंत तापलेला धरला, भार ७०० अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.९५ धरला, तर ॲल्युमिनियमच्या तीन रनांत व्होल्टेज सुमारे ७ व्होल्ट पडते आणि तांब्याच्या दोन रनांत ६.९ व्होल्ट. दोन्ही बाबतींत घट ४१५ व्होल्टच्या १.७ टक्के आहे आणि मोटारीला तो फरक कळणारही नाही. उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७.५ किलोवॅट आणि तांब्यात सुमारे ६.८ किलोवॅट येते. ०.७-०.८ किलोवॅटच्या या फरकासाठी पंधरा लाख द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. दोन पाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, भार सतत ७०० वर राहत नाही म्हणून नुकसान निम्मे धरले आणि युनिटला ९ रुपये धरले, तर तांब्यामुळे वर्षाला १७ हजारांच्या आसपास वाचतात. पंधरा लाखांचे व्याजसुद्धा त्यातून सुटत नाही.

विजेची बचत हाच हेतू असेल तर ॲल्युमिनियमचाच चौथा रन टाकण्याचा विचार करावा. चार रनांत नुकसान ५.६ किलोवॅटवर येते, म्हणजे तांब्याच्या दोन रनांपेक्षाही कमी होते. वरच्याच हिशेबाने वर्षाला ४० हजारांची वीज वाचते आणि आपल्या दरपत्रकाप्रमाणे एका रनाचा खर्च अडीच लाखांच्या आसपास दिसतो. सहा-सव्वासहा वर्षांत तो वसूल होतो आणि केबल त्याहून कितीतरी जास्त काळ टिकते. तांबे घ्यावे की ॲल्युमिनियम यावर लोक तासन्तास बोलतात, पण नियमाने लागणाऱ्या मापाच्या एक पायरी वर गेल्यास काय मिळते, याचा हिशेब फारच थोडे जण मांडतात.

किमतीतला एवढा फरक कोठून येतो, तेही पाहा. आपल्या तीन ॲल्युमिनियम रनांत साधारण एक टन ॲल्युमिनियम जाते आणि दोन तांब्याच्या रनांत सव्वादोन टन तांबे. किलोमागे तांबे तिप्पट ते चौपट महाग असते. दोन्ही गुणून पाहिले, की बावीस लाखांचे कोडे सुटते.

केबलची भार वाहण्याची क्षमता तपासताना उत्पादकाच्या तक्त्यातील आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तो साधारणपणे ४० अंश हवेसाठी दिलेला असतो. पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात ट्रेजवळ ४५ अंश सहज होतात आणि तेथे एक्सएलपीईची क्षमता ०.९५ ने गुणावी लागते. केबली एकमेकींना चिकटून ठेवल्या तर आणखी घट धरावी लागते. ट्रेवर दोन केबलींमध्ये एका केबलच्या जाडीइतकी जागा सोडा, म्हणजे ही दुसरी घट बरीच टळते. ६३० केव्हीएला ४३३ व्होल्टवर (भार नसताना ट्रान्सफॉर्मर देतो ते व्होल्टेज) पूर्ण प्रवाह ८४० अँपिअर होतो. तीन रन या सर्व घटी धरूनही तो पेलतात, पण हिशेब सल्लागारांकडून लेखी घ्यावा.

शॉर्ट सर्किटच्या बाजूने दोन्ही पर्याय निर्धास्त आहेत. ४.५ टक्के इम्पिडन्स (अंतर्गत अडथळा) धरला तर या ट्रान्सफॉर्मरचा दोषप्रवाह १९ किलोअँपिअरच्या आत राहतो. एक्सएलपीई ॲल्युमिनियमचे ३०० चौरस मिमी एका सेकंदासाठी २८ किलोअँपिअर सहन करते आणि तेही एकटा रन.

आपल्या भीतीविषयी. घरगुती ॲल्युमिनियम वायरिंगची बदनामी जगभर झाली, ती मुख्यतः अमेरिकेतील १९६५ ते १९७३ या काळातल्या घरांमुळे. तेथे तांबे महागल्यामुळे १५ आणि २० अँपिअरच्या घरगुती सर्किटांत बारीक ॲल्युमिनियम तारा वापरल्या गेल्या आणि त्या तांब्यासाठी बनवलेल्या स्विच-सॉकेटच्या स्क्रूखाली दाबल्या गेल्या. तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाने पुढे असे नोंदवले, की १९७२ पूर्वी ॲल्युमिनियम वायरिंग झालेल्या घरांत एखादा जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट होती. हे सर्व बारीक तारांचे आणि स्क्रूच्या जोडांचे आहे. त्याच देशात मोठ्या फीडरसाठी आजही ॲल्युमिनियम सर्रास चालते. आपल्याकडे महावितरणच्या उपरी वाहिन्या आणि भूमिगत केबली बहुतांशी ॲल्युमिनियमच्याच आहेत. आपण पाहिलेला जळालेला कप्पा मात्र खरा आहे आणि त्याचे कारण लगमध्ये शोधावे लागेल. त्याबद्दल प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्यांनी लिहावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून नोंदवतो. समांतर रनांपैकी एकाचा लग सैल होऊन तो रन प्रवाह घेईनासा झाला, तर उरलेल्या रनांवर भार जातो आणि १००० अँपिअरच्या एसीबीला (मुख्य एअर सर्किट ब्रेकरला) त्यातले काहीच कळत नाही, कारण एकूण प्रवाह तेवढाच राहतो. हे तांब्याच्या दोन रनांत अधिक गंभीर ठरते, कारण तेथे सगळा भार एकट्या केबलवर येतो. म्हणून सर्व रन एकाच लांबीचे, एकाच मापाचे आणि एकाच मार्गाने टाका आणि चालू झाल्यावर प्रत्येक रनाचा फेजनिहाय प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून नोंद ठेवा.

केबलवाला, सातारा

साहेबांनी जोडणीचा विषय आमच्याकडे सोपवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे रोजचे काम केबल जॉइंट आणि टर्मिनेशनचे आहे, एलटी आणि एचटी (उच्च दाब) दोन्ही.

ॲल्युमिनियमचा लग तापतो, त्यामागे तीन गोष्टी असतात. पहिली, ॲल्युमिनियम उघडे पडले, की काही क्षणांत त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. तांब्यावरही थर येतो, पण तो इतका अडवत नाही. दुसरी, ॲल्युमिनियम मऊ आहे. लोखंडी बोल्टने घट्ट दाबलेला ॲल्युमिनियम लग तापला, की तो लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतो, बोल्टखाली चेपतो आणि थंड झाल्यावर दाब कमी झालेला असतो. रोज भार चढतो-उतरतो आणि रोज थोडी ढिलाई वाढते. तिसरी, ॲल्युमिनियम आणि तांबे ओलसर हवेत थेट एकमेकांना भिडले, तर ॲल्युमिनियम झिजते.

या तिन्हींवर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. प्रत्यक्षात काम कसे व्हावे, ते सांगतो. साडेतीन कोअरच्या केबलमध्ये कोअरचा आकार गोल नसतो, तो कलिंगडाच्या फोडीसारखा असतो. असा कोअर गोल तोंडाच्या लगमध्ये हातोडीने ठोकून बसवणारे कामगार मी पाहतो. त्यात बाहेरच्या तारा तुटतात आणि आत पोकळी राहते. त्यासाठी आधी कोअर गोल करणारा डाय लावावा किंवा सेक्टर आकाराचा लग मागवावा. आवरण सोलताना चाकूची रेघ तारेवर पडू देऊ नये, कारण त्या रेघेवरच तार पुढे तुटते. सोललेल्या तारांवर जोडणीचे कंपाउंड लावून त्या कंपाउंडमध्येच तारेच्या ब्रशने घासावे, म्हणजे घासलेल्या जागी हवा लागून पुन्हा थर बसत नाही. हा ब्रश केवळ ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवावा. तांब्यावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला, तर तांब्याचे कण त्यात रुततात. चांगल्या कंपनीचे ॲल्युमिनियम लग आतून कंपाउंड भरून आणि टोपी लावून येतात. ती टोपी काम सुरू होईपर्यंत काढू नये.

क्रिम्पिंग (लग तारांवर दाबून बसवणे) हायड्रॉलिक मशिननेच व्हावे आणि डाय लगच्या मापाचाच असावा. ३०० च्या लगवर ४०० चा डाय चालवला तर बाहेरून काम नीट दिसते, पण आत दाब बसलेला नसतो. लगच्या नळीवर जितक्या खुणा असतील तितके क्रिम्प मारावेत. क्रिम्प झाल्यावर बाहेर आलेले कंपाउंड पुसून हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, म्हणजे नळीच्या तोंडातून ओल आत जात नाही.

पॅनलचा बसबार (वीज वाटणारी धातूची पट्टी) तांब्याचा असेल तर बायमेटल लग घ्यावा. त्याची नळी ॲल्युमिनियमची आणि चपटा भाग तांब्याचा असतो आणि दोन्ही कारखान्यातच जोडून येतात. बायमेटल वॉशर टाकूनही काम होते, पण वॉशर उलटा बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याची ॲल्युमिनियमची बाजू ॲल्युमिनियमकडेच हवी. बोल्टखाली साधा स्प्रिंग वॉशर पुरत नाही. जाड सपाट वॉशर आणि त्यावर बशीच्या आकाराचा बेलव्हिल वॉशर घालावा. लग फुगला-आकसला तरी हा वॉशर दाब धरून ठेवतो. शेवटी टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळून बोल्टवर रंगाची रेघ मारावी.

केबलचे वजन लगवर लोंबकळू देऊ नका. पॅनलच्या आत ग्लँडच्या (केबल आत शिरते तेथील पकडीच्या) वर केबल क्लॅम्प लावून घ्या. अनेक पॅनलमध्ये केबल ॲलीच (केबलींसाठीचा कप्पाच) इतकी अरुंद असते, की ३०० ची केबल वळवताना लगवर पीळ बसतो आणि मग कितीही चांगले क्रिम्पिंग केले तरी तो जोड निवांत राहत नाही. तीन किंवा चार रन येणार असतील तर पॅनल बनवणाऱ्याला आजच कळवा. ग्लँड प्लेट, ॲलीची रुंदी आणि एसीबीच्या टर्मिनलवर लग बसवण्यासाठी लिंक, हे सर्व आधी ठरावे लागते.

शिरगावकर

दोघांचेही मनापासून आभार. चौथ्या रनाचा हिशेब आमच्या मनातही आला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. पॅनल उत्पादकाला फोन केला तेव्हा कळले, की आमच्या पॅनलचा मुख्य बसबार ॲल्युमिनियमचा आहे. मग तांब्याची केबल घेऊन शेवटी ती ॲल्युमिनियमलाच जोडायची, यात फायदा कोणता? दुसरे, कंत्राटदार म्हणतो, की दर सहा महिन्यांनी सगळे लग घट्ट करण्याचा करार करा. तो करावा का?

विद्युत अभियंता, पुणे

बसबार ॲल्युमिनियमचा असेल तर ॲल्युमिनियमचा लग त्यावर थेट बसतो. दोन्ही पृष्ठभाग कंपाउंड लावून घासले, की दोन धातूंचा प्रश्नच उरत नाही. उलट तेथे साधा तांब्याचा लग लावला तर केबलवाले दादांनी सांगितलेली झीज तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल. तेथे किमान कथिलाचा मुलामा दिलेला लग लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला मात्र टर्मिनल तांब्याचे किंवा पितळेचे असते, म्हणून त्या टोकाला बायमेटल लग घ्या. आपल्या आराखड्यात दोन्ही टोकांना एकच लग लिहिलेला असेल, तर तो बदलून घ्यावा.

सहामाही घट्ट करण्याच्या कराराला माझा विरोध आहे. प्रत्येक वेळी पान्याला जोर दिला, की मऊ ॲल्युमिनियम आणखी चेपते आणि काही वर्षांत बोल्टखालची जागा पातळ होते. योग्य वॉशर आणि योग्य टॉर्क असेल तर रंगाची रेघ हललेली नाही एवढे पाहणे पुरे असते. करार करायचाच असेल तर थर्मोग्राफीचा (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणीचा) करा. वर्षातून एकदा, भार किमान निम्म्याच्या वर असताना, पॅनलची मागची दारे उघडून प्रत्येक लगचे तापमान मोजावे आणि एकाच फीडरच्या तीन फेजांची आपसात तुलना करावी. एखादा लग शेजारच्या दोघांपेक्षा ठळकपणे गरम दिसला, तर वीज बंद करून तो उघडावा, साफ करावा आणि पुन्हा टॉर्कने बसवावा. बाकीच्यांना हात लावू नये. पहिली तपासणी मात्र वर्षाची वाट न पाहता भार चढल्यावर महिन्याभरात करावी.

न्यूट्रलविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगतो. साडेतीन कोअरमध्ये न्यूट्रल निम्म्या मापाचा असतो. आपल्याकडे बहुतेक भार तीन फेजच्या मोटारी आणि ड्राइव्हचा आहे, म्हणून तो चालेल. कार्यालयाची इमारत, संगणक, यूपीएस आणि एलईडी दिवे यांचा मोठा वाटा असता तर मी पूर्ण मापाच्या चार कोअरचा आग्रह धरला असता, कारण अशा सिंगल फेज उपकरणांचे तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह) न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन साचतात.

लोटेकर

वरची चर्चा पटली, पण तिची मर्यादाही नोंदवावीशी वाटते. मी लोटे परशुराम येथे रासायनिक कारखान्यात देखभाल पाहतो. आमच्याकडे कॉस्टिकच्या विभागात ॲल्युमिनियम टिकत नाही, कारण अल्कली त्याला खाते. अमोनिया हाताळणाऱ्या विभागात नेमके उलटे होते. तेथे उघडे तांबे आणि पितळ धोक्यात असते. म्हणून किंमत आणि रोध यांच्याआधी केबलची टोके कोणत्या हवेत उघडी पडणार आहेत, हे पाहावे. केबलचे अंग आवरणामुळे सुरक्षित असते. हवेशी गाठ पडते ती टोकांची.

पावसाळ्याबद्दल एक सूचना सर्वांसाठी. केबल ड्रमवरून कापल्यावर टोक उघडे ठेवून ती आठवडेच्या आठवडे ट्रेंचमध्ये पडून राहते, हे फार ठिकाणी दिसते. ॲल्युमिनियम केबलमध्ये पाणी तारांमधून आत शिरते. अशी केबल हातभर कापून पाहिली, तर तारांच्या फटींत ओलसर पांढरी भुकटी भरलेली दिसते. तशा तारांवर कितीही जोराचे क्रिम्पिंग केले तरी जोड तापणारच. पांढरे दिसेनासे होईपर्यंत टोक मागे कापत जावे लागते आणि लांबी काटेकोर घेतलेली असेल तर केबल पुरत नाही. म्हणून एंड कॅप त्याच दिवशी चढवा आणि प्रत्येक टोकाला दीड-दोन मीटर जास्तीची केबल ठेवा. जोडणीपूर्वी मेगर (आवरणाचा रोध मोजणारी चाचणी) करा, पण मेगर चांगला आला म्हणजे तारा कोरड्या आहेत असे समजू नका. मेगर आवरणाची तपासणी करतो. आतली भुकटी त्यात दिसत नाही.

तांबे आम्ही आजही काही ठिकाणी हट्टाने घेतो. डीजी (डिझेल जनरेटर) सेटच्या अल्टरनेटरपासून पहिल्या पॅनलपर्यंत सतत कंपन असते, तेथे लवचीक तांबेच हवे. क्रेनच्या हलत्या केबली, कंट्रोल केबली, छोट्या मोटारींची बारीक मापे आणि जुन्या पॅनलमध्ये जेथे दुसरा रन शिरायला जागाच नाही, तेथेही तांब्याला पर्याय नाही. शिरगावकर साहेबांची शेड नवीन आहे आणि जागा मोकळी आहे, म्हणून त्यांना हे लागू होत नाही.

मुलुंडकर

सर्वांनी केबलचा विचार छान केला आहे. मला मात्र १२० मीटर हा आकडाच खटकतो. ८४० अँपिअरची वीज एवढ्या लांबवर ४१५ व्होल्टवर का न्यायची? त्याच ६३० केव्हीएचा प्रवाह ११ केव्हीवर अवघा ३३ अँपिअर असतो. ट्रान्सफॉर्मर भाराच्या जवळ नेला आणि मीटरिंगपासून तेथपर्यंत एचटी केबलचा एकच रन टाकला, तर केबलमधील नुकसान नगण्य होते आणि एलटी केबलची लांबी एक तृतीयांशावर येते. एचटी केबलही ॲल्युमिनियमचीच घ्यावी. ११ केव्हीला आपल्याकडे तीच रूढ आहे.

येथे माप भारावरून ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. ३३ अँपिअरला कोणतीही केबल चालेल, पण ११ केव्हीच्या बाजूला दोषप्रवाह मोठा असू शकतो. ९५ चौरस मिमी ॲल्युमिनियम एक सेकंदाला सुमारे ९ किलोअँपिअर आणि पाव सेकंदाला सुमारे १८ किलोअँपिअर सहन करते. म्हणून महावितरणकडून त्या जागेची फॉल्ट लेव्हल (तेथे येऊ शकणारा सर्वाधिक दोषप्रवाह) लेखी घ्या आणि ब्रेकर किती वेळात तोडतो हे पाहून माप ठरवा. ट्रान्सफॉर्मरच्या नव्या जागेला कुंपण, गळणाऱ्या तेलासाठी खड्डा (सोक पिट) आणि चारही बाजूंची मोकळी जागा लागेल, आणि आराखडा बदलला तर विद्युत निरीक्षकांची मंजुरी नव्या आराखड्यावरच घ्यावी लागेल. पाया भरून झाला असेल तर हा सल्ला उशिरा आला असे समजा. झाला नसेल तर सल्लागारांना याच आठवड्यात विचारा.

शिरगावकर

पाया अजून भरलेला नाही, फक्त खुणा केल्या आहेत. आज सल्लागार साइटवर आले होते आणि त्यांच्याशी दोन तास बोलणे झाले. दोन्ही शेडच्या मधल्या मोकळ्या जागेत ट्रान्सफॉर्मर बसू शकतो, असे त्यांचे मत पडले. तेथून नवा पॅनल सुमारे ४५ मीटरवर येतो आणि जुन्या शेडचा पॅनल त्याहून जवळ. फॉल्ट लेव्हलसाठी महावितरणकडे पत्र देत आहोत. एलटी केबल ॲल्युमिनियमची घेण्यास त्यांनी होकार दिला. पॅनलच्या बाजूला ॲल्युमिनियम लग, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला बायमेटल लग, बेलव्हिल वॉशर, टॉर्कची नोंद आणि महिन्याभरात थर्मोग्राफी, हे सर्व कामाच्या आदेशात लिहून घेण्याची अट मात्र त्यांनी घातली आणि मला ती रास्त वाटते. लांबी कमी झाल्यावरही चौथा रन घ्यावा का, एवढेच ठरायचे आहे.

विद्युत अभियंता, पुणे

४५ मीटरवर तीन रनांचे नुकसान पूर्ण भाराला सुमारे २.८ किलोवॅट आणि व्होल्टेजची घट २.६ व्होल्ट राहते. चौथ्या रनाने वर्षाला १५ हजारांच्या आसपास वाचतील. रनाचा खर्च लांबीबरोबर कमी होतो, पण दोन टोकांचे लग, ग्लँड आणि मजुरी तेवढीच राहते, म्हणून वसुलीला सात वर्षे किंवा थोडी अधिक लागतील. आज तीन रन टाका. ग्लँड प्लेटवर चौथ्या केबलची जागा, एसीबीच्या लिंकवर चौथे भोक आणि ट्रेवर एका केबलची रुंदी मोकळी ठेवायला पॅनलवाल्याला आणि कंत्राटदाराला आत्ताच सांगा. भार ७०० च्या पुढे सरकू लागला, की तो रन एका सुट्टीच्या दिवशी जोडता येईल. त्या वेळी केबल त्याच मापाची आणि त्याच लांबीची घ्या.